शनिवारी चार ते सहा : परदेशी विद्यार्थ्यांबरोबरचा एक संभाषणगट

जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने राहणारा टांझानियाचा एक विद्यार्थी हातात एक कागद घेऊन माझ्या दाराशी आला. आधीच्या भाडेकरूने वीजबिल थकवल्याची ती मराठीतील सूचना होती. पोलिसांचा कागद असावा अशा समजुतीने त्याने तो चार दिवस कोणालाही न दाखवता दप्तरात ठेवला होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली. कागद वाचून समजावून सांगायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्यानंतर त्याने दप्तरातून आणखी सहा कागद काढले. त्यांत बँकेचे पत्र होते, ग्रंथालयाची दंडाची पावती होती आणि एका दवाखान्याची चिठ्ठीही होती. नागपुरात दहा महिने काढलेल्या या मुलाशी वर्गाबाहेर पाच मिनिटे निवांत बोलणारे कोणीही नाही, हे त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले आणि मला ते फार लागले.

माझ्याच वयाच्या दोन निवृत्त सहकारी मैत्रिणींशी बोलून आम्ही ठरवले की आठवड्यातून एकदा, दोन तास, परदेशी विद्यार्थी आणि नागपूरकर यांनी एकत्र बसून बोलावे. हे विद्यार्थी ज्या महाविद्यालयात शिकत होते, तेथील प्राचार्यांच्या नावे मी १७ जुलै रोजी अर्ज दिला. तो दहा दिवसांनी परत आला, कारण परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या समन्वयकांमार्फत तो यायला हवा होता. दुसऱ्या अर्जासोबत आम्हा तिघींची ओळखपत्रे, उपक्रमाचे एक पानी टिपण आणि कोणतेही शुल्क घेणार नसल्याचे हमीपत्र जोडावे लागले. पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती, म्हणून तो नेमका कोणत्या टेबलावर होता हे अखेरपर्यंत कळले नाही. दुसऱ्या वेळी मात्र आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात घेऊनच मी तेथून निघाले, आणि असे काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. परवानगी २३ ऑगस्टला मिळाली, पण ती सूचनाफलकावर माहिती लावण्यापुरतीच होती. सुटीच्या दिवशी वर्गखोली देता येणार नाही, असे त्याच पत्रात लिहिले होते.

त्यामुळे जागा शोधणे आले. घरी बोलावणे सोपे होते, परंतु अनोळखी वृद्ध बाईच्या घरी जायला परदेशातून आलेली मुलगी संकोचेल असे आम्हाला वाटले, आणि पुढे दोन मुलींनी तसे बोलूनही दाखवले. अखेर धरमपेठेतील एका वाचनालयाने मागील बाजूची खोली दर बैठकीला २५० रुपये भाड्याने दिली. बसथांबा आणि मेट्रो स्थानक दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असावे, हा आमचा आग्रह होता आणि तो योग्य ठरला, कारण रिक्षाचे भाडे ठरवणे हीच त्या मुलांची पहिली अडचण होती.

पहिली बैठक शनिवारी, २ सप्टेंबरला, दुपारी चार वाजता झाली. आम्ही पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या आणि चार विद्यार्थी आले: टांझानियाचे दोघे, श्रीलंकेची एक मुलगी आणि सुदानचा एक मुलगा. मी स्वरमाला, आकडे आणि ‘माझे नाव अमुक आहे’ अशा वाक्यांचे तक्ते करून नेले होते. मुले नम्रपणे माझ्यामागून म्हणत राहिली आणि दोन तासांत एकाही मुलाने स्वतःहून एक प्रश्न विचारला नाही. परत येताना माझी मैत्रीण म्हणाली, “आपण त्यांना पुन्हा वर्गातच बसवलं.” ते खरे होते. आठवडाभर वर्गात बसून थकलेल्या मुलांना शनिवारी सातवा वर्ग नको होता.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तक्ते घरी ठेवले आणि एकच प्रश्न विचारला: या आठवड्यात नागपुरात तुम्हाला न समजलेली एक गोष्ट सांगा, आणि मग आम्हीही तुमच्याविषयी न समजलेली एक गोष्ट सांगू. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तळमजल्यावरचा तो मुलगा म्हणाला की रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणायला सगळे सांगतात, पण त्याची जीभ वळत नाही, कारण स्वाहिली भाषेत ‘दादा’ म्हणजे बहीण. आणि ‘काका’ म्हणजे भाऊ. आम्ही तिघी अवाक झालो. ‘मामा’ म्हणजे आई; ‘बाबा’ तेवढे दोन्हीकडे वडीलच. एवढ्या एका वाक्यावर पुढचा दीड तास गेला. श्रीलंकेच्या मुलीने आपल्याकडची नाती सांगितली. भाजीवालीला ताई म्हणावे, काकू म्हणावे की मावशी, हे आम्ही कशावरून ठरवतो, हे आम्हालाच मांडता येईना. वय, पेहराव, दुकान की हातगाडी, बोलणाऱ्याचे स्वतःचे वय, असे धागे एकेक करून सापडत गेले. त्या मुलाने मग सांगितले की त्यांच्याकडे धाकट्यांनी वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणायचे असते, त्याचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’ असा आहे आणि मोठ्यांनी त्यावर ‘मरहबा’ असे उत्तर द्यायचे असते. त्या दिवसापासून मी त्यांची ‘मॅडम’ राहिले नाही, ‘काकू’ झाले.

त्याच बैठकीत वेळेचाही उलगडा झाला. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, आणि आमच्या बैठकीचे चार म्हणजे दहावा. इंग्रजीत बोलताना ही मुले घड्याळाप्रमाणेच वेळ सांगतात, पण मनातल्या मनात रूपांतर करताना घाईत चूक होते. आपले प्रहरही सूर्योदयापासूनच मोजले जात, हे मी त्यांना सांगितले, आणि प्रहर हा शब्द किती वर्षांनी आपण मोठ्याने उच्चारला याचे मलाच नवल वाटले. तेव्हापासून भेटीची वेळ ठरवताना ती अंकात लिहून दाखवायची, असा आम्ही नियम केला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघाली आणि १६ सप्टेंबरची बैठक आपोआप तिच्यावर झाली. काळी आणि पिवळी मारबत, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, गावातील रोगराई आणि वाईट गोष्टी पुतळ्यासोबत वेशीबाहेर घालवण्याची कल्पना, हे सारे सांगताना आम्हाला व्याकरणाची आठवणही झाली नाही. त्या दिवशी सात विद्यार्थी होते.

पुढची बैठक झालीच नाही. २२ सप्टेंबरच्या रात्री उशिरा सुरू झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि २३ तारखेच्या पहाटे नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी होते. तेथे राहणाऱ्या टांझानियाच्या दोन्ही विद्यार्थ्यांना आम्ही जिन्यावरून वर घेतले. त्यांच्या गाद्या, पुस्तके, एक लॅपटॉप आणि गुणपत्रिकांच्या प्रती गेल्या. पारपत्रे वाचली ती केवळ कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत होती म्हणून. नंतर तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा काय काय गेले हे मराठीत सांगायचे होते. मी शेजारी उभी होते, पण बोलला तो मुलगा स्वतः: “गादी गेली, पुस्तक गेला, पंखा गेला.” लिंग चुकले, तलाठ्यांनी सगळे लिहून घेतले. त्यानंतर गटात कोणाचे लिंग चुकले तर बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि विचारले तरच दुरुस्त करायचे, हे आम्ही तिघींनी आपसात पक्के केले. एकतीस वर्षांची सवय मोडायला मला डिसेंबर उजाडला.

पुरानंतरच्या शनिवारी, ३० सप्टेंबरला, आम्ही फक्त कागदपत्रांचा विषय घेतला. त्याला दुसरे निमित्तही होते: तीन दिवसांपूर्वीच इंडोनेशियाची एक विद्यार्थिनी नागपुरात पोहोचली होती. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने भारतात पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते आणि तो अर्ज ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यासोबत पारपत्र, व्हिसा, छायाचित्र, संस्थेचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि राहण्याचा पुरावा जोडायचा असतो. खरी अडचण राहण्याच्या पुराव्याची होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे परदेशी व्यक्ती मुक्कामाला आल्यापासून २४ तासांत ‘फॉर्म सी’ भरण्याची जबाबदारी घरमालकाची किंवा वसतिगृहाची असे, आणि तिच्या घरमालकांनी या फॉर्मचे नावही ऐकलेले नव्हते. ते मनाने वाईट नव्हते. ‘पोलीस’ हा शब्द कानी पडताच घाबरले होते. माझ्या मैत्रिणीने त्यांच्या घरी बसून तासाभरात तो फॉर्म भरून दिला. बोनाफाईड मिळायला कामकाजाचे चार दिवस लागले, दोन फायली आकार मोठा म्हणून स्वीकारल्या गेल्या नाहीत आणि अर्ज अकराव्या दिवशी दाखल झाला. ज्यांच्याकडे असे विद्यार्थी राहायला येणार असतील त्यांनी विद्यार्थी येण्यापूर्वीच त्या संकेतस्थळावर आपली नोंद करून ठेवावी. एक मोठी धावपळ त्यानेच टळते. नेपाळच्या विद्यार्थ्यांना व्हिसाच लागत नाही, त्यामुळे गटातला नेपाळी मुलगा हे सारे नव्याने ऐकत होता आणि तोच सर्वांत उत्साहाने फॉर्म भरायला मदत करत होता.

त्या दिवशी फळ्यावर मी कचेरीतील शब्द लिहीत होते: अर्ज, तारीख, मुदत, दाखला, वकील, हजर. सुदानचा मुलगा, जो चार आठवडे जवळजवळ गप्प होता, उठून फळ्यापाशी आला आणि त्याने त्यांतल्या बहुतेक शब्दांपुढे अरबी लिपीत तेच शब्द लिहिले. टांझानियाच्या मुलांनी त्याखाली आपले लिहिले: तारेहे, वकिली, आणि वर आणखी दोन घातले, ‘दुका’ म्हणजे दुकान आणि ‘हेसाबू’ म्हणजे हिशोब. हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले हे मी वर्षानुवर्षे शिकवत होते, पण ते असे तीन ओळींत एकाखाली एक उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. मराठीतील सर्वांत भीतीदायक वाटणारे कागद त्या मुलाला सर्वांत ओळखीचे ठरले.

त्याच मुलाने आम्हाला एक कठीण धडाही दिला. नागपूरकर माणूस ओळख होताच आपुलकीने विचारतो, “घरी कोण कोण असतं?” आमच्या गटात आलेल्या एका गृहस्थांनी तसेच विचारले. १५ एप्रिल २०२३ पासून सुदानची राजधानी खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई सुरू होती, आणि त्याच्या घरची माणसे त्या क्षणी कोठे होती हे त्यालाच ठाऊक नव्हते. तो काही न बोलता बाहेर गेला आणि पुढचे दोन शनिवार आला नाही. ते गृहस्थ फार कष्टी झाले. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला की प्रश्नाचा राग नव्हता, उत्तर देता येत नाही हे सांगायला शब्द नव्हते. म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही सर्वांना पहिल्यांदा जे वाक्य दिले ते ‘ते नंतर सांगतो’ हे होते. हे वाक्य कोणीही, कोणत्याही प्रश्नाला म्हणावे आणि ऐकणाऱ्याने लगेच विषय बदलावा. नवा संभाषणगट सुरू करणाऱ्यांनी नाव-गाव विचारण्याआधी हे वाक्य शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

१४ ऑक्टोबरला शनिवार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली याच तारखेला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, म्हणून आम्ही बैठक तेथेच नेली. तेथील बोधिवृक्षाची रोपे श्रीलंकेतील अनुराधपुराहून आणलेली आहेत. श्रीलंकेची मुलगी त्या झाडाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिनेच इतरांना अनुराधपुराविषयी सांगितले. अर्धे इंग्रजीत, अर्धे हिंदीत, मध्ये मराठीचे चारदोन शब्द. त्या दिवशी आम्ही नागपूरकर श्रोते होतो.

भाषा कोणती, हा वाद आमच्यात बरेच दिवस चालला. मराठीची शिक्षिका म्हणून मला केवळ मराठी हवी होती. परंतु नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदी येथल्या रस्त्यावर पाहुणी नाही. चहाच्या टपरीवर ही मुले हिंदी ऐकत आणि खानावळीत वऱ्हाडी. एकाने विचारले, “काकू, तुम्ही ‘मी जात आहे’ म्हणता आणि मेसवाले भाऊ ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतात. बरोबर काय?” मी दोन्ही बरोबर असल्याचे सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. ‘सांबार’ मागितल्यावर येथे कोथिंबीर मिळते, टोमॅटोला जुनी माणसे ‘भेद्रं’ म्हणतात, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात, हे पुस्तकातल्या प्रमाण भाषेइतकेच त्यांच्या उपयोगाचे होते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक मात्र समजवायला फार वेळ लागला. इंडोनेशियाच्या मुलीला तेवढा तो एका क्षणात समजला, कारण तिच्या भाषेत समोरच्याला धरून ‘किता’ आणि वगळून ‘कामी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पुढे इतरांना तो फरक तिनेच समजावला.

दिवाळीनंतर गट रोडावला. परीक्षा हे एक कारण होते, पण एकमेव नव्हे. टांझानियाच्या मुलांना पुरानंतर नवी खोली हवी होती आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आम्ही त्यांच्यासोबत चौदा घरे पाहिली. फोनवर “या, बघून जा” म्हणणारी माणसे दारात मुलांना पाहताच “आत्ताच दिली” म्हणत. मी त्या शहरात जन्मले आहे आणि ते शब्द मला त्यांच्यासमोर ऐकावे लागले, याची लाज मला आजही वाटते. बाजारात लोक न विचारता छायाचित्र काढत, केसांना हात लावत. एका बैठकीत दोघांनी हे सारे स्पष्ट सांगितले आणि आमच्यातील एकीने “लोक भोळे आहेत, मनावर घेऊ नका” असे उत्तर दिले. पुढच्या आठवड्यात ते दोघे आले नाहीत. कोणी अपमान सांगत असेल तर तो समजावून पुसायचा नसतो, नुसता ऐकायचा असतो, हे आम्ही त्या दोन रिकाम्या खुर्च्यांमुळे शिकलो. तिने जाऊन माफी मागितली. मग आम्ही एकत्र बसून ‘फोटो नको, भाऊ’ आणि ‘हात लावू नका’ ही दोन वाक्ये ठाम पण शांत आवाजात म्हणायचा सराव केला. पंधरावे घर जानेवारीत मिळाले, प्रतापनगरात, ७,५०० रुपये भाड्याने. त्या घरमालकीण बाई पुढे आमच्या बैठकीला येऊ लागल्या.

फेब्रुवारीपासून आम्ही महिन्यातून एक बैठक बाहेर घेतली: एकदा गोकुळपेठच्या बाजारात, एकदा फुटाळा तलावावर. मार्चमध्ये ऊन वाढू लागल्यावर दवाखान्याची बैठक झाली आणि माझ्या मते कागदपत्रांच्या बैठकीनंतर सर्वांत उपयोगी हीच ठरली. डोके दुखते हे कोणालाही सांगता येते. पण मळमळ, कणकण, चक्कर, पोटात कळ येणे, अंग मोडून येणे यांतला फरक सांगता आला नाही तर डॉक्टर अंदाजाने औषध देतात. टांझानियातील दार-एस-सलामची मुले उष्ण हवेतच वाढलेली असली तरी ती समुद्राकाठची दमट उष्णता. नागपूरची कोरडी लू घाम दिसू देत नाही आणि शरीर वाळत जाते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. ‘ऊन लागले’ हे दोन शब्द, सोबत पाण्याची बाटली, डोक्याला दुपट्टा आणि कैरीचे पन्हे, एवढी तयारी आम्ही करून घेतली.

शेवटची बैठक १३ एप्रिल २०२४ रोजी झाली. एकूण २७ बैठका. त्यांतल्या २३ वाचनालयात. खोलीभाडे ५,७५० रुपये, चहा-पोह्यांना सुमारे ८,१०० आणि झेरॉक्सला १,१०० रुपये लागले. हा खर्च आम्ही तिघींनी वाटून घेतला. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त चौदा विद्यार्थी आले, सरासरी आठ. आलेल्या विद्यार्थ्यांइतकेच नागपूरकर असावेत असा आमचा प्रयत्न होता. एका विद्यार्थ्याभोवती चार स्थानिक बसले की त्याची चौकशी होते, गप्पा होत नाहीत.

आता नोंदवही नेपाळचा मुलगा आणि इंडोनेशियाची मुलगी सांभाळतात. नव्या वर्षाची पहिली बैठक त्यांनी ६ जुलैला ठेवली आणि वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या: ‘ते नंतर सांगतो’ हे वाक्य, फॉर्म सी भरायला तयार असलेल्या चार घरमालकांचे पत्ते, आणि सर्व कागदांसाठी प्रत्येकी एक प्लास्टिकची पिशवी. पिशव्या मी आणून ठेवल्या आहेत.